जुनं मॉडेल स्टीम इंजिन डीसीवरच ठेवायचं की डीसीसी करायचं?

आपलं सोलापूर म्हणजे रेल्वे विभागाचं मुख्यालय, घरोघरी कुणीतरी रेल्वेत होतं, त्यामुळे एखाद्याच्या कपाटात काका-आजोबांनी आणलेलं ट्रायअँग किंवा हॉर्नबी या ब्रिटिश कंपन्यांचं जुनं मॉडेल स्टीम इंजिन सापडतंच. ते डीसीवर चालतं, म्हणजे रुळावरचं व्होल्टेज कमी-जास्त करून. मग विचार सुरू होतो, याला डिकोडर बसवू का? डिकोडर म्हणजे डीसीसीत रुळावरून येणाऱ्या डिजिटल आज्ञा ऐकून मोटर चालवणारं इंजिनातलं छोटं सर्किट. माझं म्हणणं एवढंच की डिकोडर कुठला घ्यायचा ते सगळ्यात शेवटी बघा, आधी मोटर तपासा, कारण निर्णय तिथंच होतो.

डीसीवर ठेवलं तर काय मिळतं? इंजिन जसं होतं तसं राहतं, एक पैसा खर्च नाही आणि मोटरचं चुंबक थोडं थकलेलं असलं तरी गाडी पळते. एकच इंजिन आणि एक साधा गोल ट्रॅक असेल तर मी म्हणेन हात लावू नका, कारण डीसीसीचा खर्च नुसता डिकोडरचा नसतो, कंट्रोलरसकट सगळी सिस्टीम घ्यावी लागते आणि ती बहुतेक बाहेरून मागवायची म्हणजे वर कस्टम्स ड्युटी.

पण दोन-तीन इंजिनं झाली की डीसी जड जातं. एकाच सेक्शनमध्ये दोन उभी केली की दोन्ही पळतात, मग रुळाचे वेगळे तुकडे (ब्लॉक) पाडा, स्विच लावा. डीसीसीत रुळावर कायम पूर्ण व्होल्टेज असतं, एचओ-ओओ या नेहमीच्या मॉडेल आकारांना साधारण 14-16 व्होल्ट, आणि प्रत्येक इंजिन आपल्या अ‍ॅड्रेसचीच आज्ञा ऐकतं (नव्या डिकोडरचा अ‍ॅड्रेस 3 असतो). एक पाण्याच्या टाकीखाली उभं आणि दुसरं त्याच लाइनवर हळूच मागं येतंय, हे शेडचं दृश्य बघायचं असेल तर डीसीसीच.

आता जुनी मोटर तशीच ठेवून डिकोडर बसवायचा झाला तर दोन गोष्टी तपासा. पहिली, करंट. 12 व्होल्ट डीसी द्या, मोटर क्षणभर हातानं अडवून धरा आणि मीटरवर अँपिअर बघा. एचओचे नेहमीचे डिकोडर सलग 1 अँपिअरच्या आसपासचेच असतात, मोटर त्यापेक्षा जास्त ओढत असेल तर डिकोडर आज ना उद्या जळणार. चुंबक कमजोर झालं की करंट वाढतो, म्हणून चांगली पळणारी जुनी मोटरसुद्धा इथं नापास होऊ शकते.

दुसरी गोष्ट इन्सुलेशन, आणि जास्तीत जास्त डिकोडर इथंच जातात. जुन्या मोटरचा एक ब्रश थेट चासीला जोडलेला असतो. ट्रायअँगच्या एक्स-04 मोटरमध्ये नीट बघा, ब्रश दाबून धरणाऱ्या स्प्रिंगच्या एका टोकाला छोटी इन्सुलेशनची नळी (स्लीव्ह) असते, दुसरं टोक उघडं. त्या उघड्या टोकालाही तशीच स्लीव्ह चढवायची, मग मल्टिमीटर बीपवर ठेवून प्रत्येक ब्रश आणि प्रत्येक बाजूचं चाक असं तपासायचं. कुठंही बीप वाजता कामा नये. त्यानंतरच लाल-काळी वायर रुळाकडून, नारिंगी-करडी मोटरला. मोटरवर जुना कपॅसिटर असला तर काढून टाका, तो डिकोडरच्या स्पीड कंट्रोलला त्रास देतो.

तिसरा मार्ग म्हणजे नवीन कॅन मोटर (बंद डबीतली आधुनिक छोटी मोटर) घालून मग डिकोडर. खर्च वाढतो, माउंट बनवावा लागतो, गिअर जुळवावा लागतो, पण हळू चाल इतकी सुरेख मिळते की करंट टेस्टमध्ये नापास झालेल्या इंजिनाला मी हाच सांगेन. ज्याला मूळ मोटर जपायची आहे त्यानं एक्स-04 ला निओडिमियम चुंबक घालून बघावं आणि करंट परत मोजावा.

इंजिनाचे आवाज काढणाऱ्या साउंड डिकोडरचं म्हणाल तर साध्या डिकोडरच्या कितीतरी पट खर्च आणि टेंडरमध्ये (इंजिनामागच्या कोळसा-पाण्याच्या डब्यात) स्पीकरला जागा हवी, टेंडर नसलेल्या टँक इंजिनात ती सहसा नसतेच. बार्शी लाइटची नॅरोगेज 9 मिमी ट्रॅकवर करणाऱ्यांनी तर जुन्या इंजिनात कोंबाकोंबी करूच नये, डिकोडरचं सॉकेट असलेलं नवीनच घ्यावं.

आपल्याकडच्या धुळीचाही विचार करा. डीसीवर चाक मळलं तर इंजिन नुसतं अडखळतं, डीसीसीवर करंट क्षणभर तुटला तरी डिकोडर रीसेट होऊन गाडी थांबू शकते, म्हणून टेंडरच्या चाकांनाही पिकअप (रुळावरून करंट घेणाऱ्या पट्ट्या) लावा, जमलं तर करंट तुटल्यावर क्षणभर डिकोडर चालू ठेवणारा कीप-अलाइव्ह कपॅसिटर जोडा. एप्रिल-मेमध्ये आपल्या खोल्या आधीच तापलेल्या असतात, तेव्हा डिकोडर टेपमध्ये गच्च गुंडाळून धातूच्या बॉयलरमध्ये कोंडू नका, खाली कॅप्टॉन टेपचा (उष्णता सोसणाऱ्या इन्सुलेशन टेपचा) एक थर द्या आणि वरची बाजू मोकळी सोडा. बॉडी बसवायच्या आधी प्रोग्रॅमिंग ट्रॅकवर (डिकोडरच्या सेटिंगसाठीच्या वेगळ्या रुळावर) अ‍ॅड्रेस वाचून बघा, तिथं करंट मर्यादित असतो, वायरिंग चुकलं असेल तर डिकोडर सहसा वाचतो.