सेकंडहँड हायब्रिड एसयूव्ही घेताय? माझे २८ लाख ४० हजार कसे गेले ते आधी वाचा

२८ लाख ४० हजार रुपये. एवढे पैसे मोजून मी गेल्या वर्षी चवथीच्या आधी एक वापरलेली हायब्रिड लक्झरी एसयूव्ही घेतली. त्यावर आणखी ५ लाख ६८ हजार ९४० रुपये घातले तेव्हा कुठे ती आज रस्त्यावर आहे. ज्याने ती मला विकली तो मात्र अजून उत्तर गोव्यात हायवेला लागून जुन्या गाड्यांचा लॉट मांडून बसलाय. त्याचं नाव लिहायला वकिलांनी सक्त मनाई केली आहे. गाडीच्या कंपनीचं नाव मी स्वतःहून लिहीत नाही, कारण गाडी खोटी नाही. खोटा माणूस होता.

"एवढी महाग गाडी जुनी घ्यायची हौस कशाला?" हे मला घरातल्यांपासून बँकेतल्या कारकुनापर्यंत सगळ्यांनी ऐकवून झालंय. हौस नव्हती. आईचे दोन्ही गुडघे गेलेत, तिला उपचाराला बेळगावला न्यावं लागतं, आणि घाटातल्या वळणांवर साध्या गाडीत तिचे हाल होतात. माझं रोजचं फोंडा-पणजी जाणं-येणं आहे. तुंबलेल्या रस्त्यात हायब्रिड गाडी बॅटरीवर चालते, पेट्रोल वाचतं, आवाज नाही, धक्के नाहीत. नवी घेण्याची ऐपत नाही म्हणून जुनी बघितली. वडिलोपार्जित जमिनीचे पैसे फिक्समध्ये होते, ते मोडले. मला वाटत नाही यात काही गैर केलं.

आणि न बघता घेतली असंही नाही. एम-परिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाकून बघितला. पहिला मालक, कर्जाचा बोजा नाही, विमा चालू, चलान थकलेलं नाही. ओळखीच्या मेकॅनिकला नेऊन खालून वर करून बघितली. सस्पेन्शन, टायर, ब्रेक, इंजिन ऑइल, सगळं ठीक. अपघाताची खूण नाही. तो मेकॅनिक प्रामाणिक माणूस आहे, पण त्याने आयुष्यभर डिझेल गाड्या उघडल्या. मागच्या सीटखाली काय आहे ते त्याला कसं कळणार? एम-परिवहनवर बॅटरीची तब्येत दिसत नाही. किती किलोमीटर खरे चाललेत तेही दिसत नाही.

बॅटरीचा प्रश्न मी स्वतः काढला होता, पहिल्याच भेटीत. त्याने लगेच ड्रॉवरमधून कागद काढला. हायब्रिड बॅटरीवर कंपनीची आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची वॉरंटी, गाडी ऑक्टोबर २०१८ ची, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत काळजी नाही. मीटरवर ६१ हजार आणि काहीतरी. "पात्रांव, बॅटरीचें टेन्शन घेवं नाकात, कंपनीची वॉरंटी आसा." कागद खरा होता. तोच तर डाव होता. खोटा कागद असता तर कुठेतरी पकडला गेला असता.

आता तो क्षण लिहितो, जो रात्री झोपताना अजून डोळ्यांपुढे येतो.

टेस्ट ड्राइव्हला आम्ही पुलाकडे उतरलो आणि परत पर्वरीचा चढ चढलो. उतारावर बॅटरीची निशाणी जवळजवळ भरली होती. चढ संपेपर्यंत ती तळाच्या दोन कांड्यांवर आली. वर उड्डाणपुलाच्या कामामुळे गाड्या तुंबलेल्या होत्या. तिथे रांगेत उभं असताना इंजिन आपोआप सुरू झालं आणि बघता बघता निशाणी पुन्हा वर चढली. इतक्यात भरते आणि इतक्यात संपते, याचं मला तेव्हा कौतुकच वाटलं. कारण त्याने तसंच सांगितलं, "बघा, चार्जिंग कितलें फास्ट!" त्याच वेळी मागच्या सीटच्या बाजूने पंख्याचा घोंघाट येत होता. मी विचारलं. "तो एसीचो फॅन. गरमी कितली आसा पळयात."

तो एसीचा पंखा नव्हता. बॅटरी थंड करणारा पंखा होता आणि तो पूर्ण वेगाने फिरत होता, कारण आत बॅटरी तापत होती. अशा गाडीतली निकेल-मेटल हायड्राइड बॅटरी म्हणजे एक अखंड ठोकळा नसतो. माझ्या गाडीत ३४ मॉड्यूल आहेत, प्रत्येकी ७.२ व्होल्टचं, एकामागोमाग एक जोडलेली. चांगल्या बॅटरीत गाडीचा संगणक चार्ज मधल्या पट्ट्यात राखतो, निशाणी हळूहळू वर-खाली होते. काही मॉड्यूल मेली की साठा उरत नाही, मग ती झटक्यात भरते आणि झटक्यात रिकामी होते. आज हे मला झोपेत विचारलं तरी सांगेन. त्या दिवशी समोर ढळढळीत दिसत होतं, कानाला ऐकू येत होतं, आणि शेजारी बसलेला माणूस प्रत्येक खुणेला उलटा अर्थ लावून देत होता. मी औषधविक्रेता आहे, इलेक्ट्रिकल इंजिनियर नाही. माझ्या जागी कोणीही असता तरी त्याने हेच मान्य केलं असतं. टेस्ट ड्राइव्हला चढ घ्याच, आणि रेडिओ, एसी दोन्ही बंद करून मागच्या सीटवर स्वतः बसा.

पैसे असे गेले. टोकन ५० हजार यूपीआयने, लॉटवरच्या पोराच्या खात्यात. २४ लाख आरटीजीएसने एका ट्रेडिंग फर्मच्या खात्यात, "आमचीच फर्म" म्हणून. उरलेले ३ लाख ९० हजार रोख. ट्रान्स्फर, विमा, आणि काय काय. पावती मागितली तर "डिलिव्हरीच्या दिवशी एकदम देतो". दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेव्हाच्या (१९६१ च्या) आयकर कायद्याच्या कलम २६९ एसटीनुसार चूक घेणाऱ्याची, दंड त्याला. म्हणूनच तो पावती देत नाही, आणि म्हणूनच नंतर आपण तोंड उघडायला कचरतो. पैसे एकाच नावाने, एकाच खात्यात, आणि ते नाव बिलावर असेल तरच द्या. नाही तर उठा.

डिलिव्हरीच्या दिवशी पाऊस कोसळत होता, मागे दुसरं गिऱ्हाईक उभं केलं होतं, हार-नारळ तयार. त्या घाईत एका डिलिव्हरी नोटवर सही घेतली. त्यात बारीक अक्षरात, "गाडी आहे त्या स्थितीत तपासून स्वीकारली." मीटर ६१,८७०.

फर्मागुढीच्या चढावर ती मेली. आई मागे बसलेली, वर पाऊस, मागून बस हॉर्न मारतेय. लाल त्रिकोण, "चेक हायब्रिड सिस्टीम", आणि पायाखालचा जोर गेला. कशीतरी कडेला घेतली. मीटर ६२,४९८.

फोंड्यातल्या एका तरुण मेकॅनिकने स्कॅनर लावला. गाडीच्या संगणकाने नोंदवलेला दोषाचा कोड पी०ए८०, म्हणजे हायब्रिड बॅटरी बदला. त्याचा सल्ला मी आयुष्यभर विसरणार नाही: "कोड पुसू नका. आधी एक गोष्ट बघू." स्कॅनरवर एक आकडा मिळतो, याआधी कोड पुसल्यापासून गाडी किती चालली त्याचा. तो होता ६३३ किलोमीटर. मी चालवली होती ६२८. म्हणजे माझ्या हातात किल्ली देण्यापूर्वी पाच किलोमीटर आधी कोणीतरी स्कॅनर लावून दोष पुसला होता. त्याच्या लॉटवर. हार-नारळ आणायला पोरगा गेला असेल तेव्हा. त्या आकड्याचा फोटो माझ्याकडे आहे, तारीख-वेळेसकट. तुम्हीही गाडी घेण्यापूर्वी हा आकडा बघा. जुन्या गाडीत तो दोन-चार किंवा पन्नास किलोमीटर दिसला तर विचारा, परवा काय पुसलं?

कंपनीचं वर्कशॉप गोव्यात नाही. मागच्या चाकांनाही मोटर आहे, म्हणून दोन चाकं उचलून ओढता येत नाही, चारही चाकं वर घेणारा फ्लॅटबेड लागतो. २८,५०० रुपये. तपासणीचे ९,४४०. तिथे चॅसिस नंबर टाकल्यावर जे निघालं त्याने माझे हातपाय गार पडले. दोन वर्षांपूर्वी हीच गाडी तिथे सर्व्हिसला आली तेव्हा मीटर ९४,३१० होतं. आणि बॅटरीचं झाकण बाहेर कुठेतरी उघडलेलं, बोल्टांवर पान्याच्या खुणा, चार मॉड्यूल वेगळ्याच तारखेची, कुठल्या तरी भंगार गाडीतली. जुन्या मॉड्यूलमध्ये दुसरी जुनी घालून आठवडा-दोन आठवडे धोक्याचा दिवा विझवायचा, हा धंदाच आहे. वेगवेगळ्या मॉड्यूलचा मेळ बसत नाही, मग शेजारची मरतात.

आणि वॉरंटी? बाहेरच्याने बॅटरीचा पॅक उघडला, मीटर फिरवलं, वॉरंटी संपली. ड्रॉवरमधला तो खरा कागद कवडीमोल होता आणि विकणाऱ्याला ते पक्कं माहीत होतं. नवा पॅक ५ लाख ३१ हजार, कर धरून. भरले. विमा कंपनीने एका ओळीत उत्तर दिलं, यांत्रिक किंवा विद्युत बिघाड पॉलिसीत बसत नाही. म्हणून सांगतो, वॉरंटीचा कागद बघून खूश होऊ नका. चॅसिस नंबर घेऊन स्वतः कंपनीच्या वर्कशॉपला फोन करा, सर्व्हिसची नोंद आणि बॅटरीचा हेल्थ रिपोर्ट मागा. विकणाऱ्याच्या खर्चाने नाही, तुमच्या खर्चाने. नऊ-दहा हजार जातात, जाऊ देत.

लॉटवर गेलो तर साहेब शांत. "मी कुठे विकली? मी फक्त दाखवली." आणि कागद त्याच्याच बाजूने. गाडी नावावर करायच्या फॉर्म २९ आणि ३० वर जुन्या मालकाची सही आणि माझी सही. मधे हा कुठेच नाही. जुन्या मालकाला शोधून फोन केला. बिचाऱ्याने वर्षभरापूर्वी १९ लाख ५० हजारांना गाडी देऊन कोऱ्या फॉर्मवर सह्या करून दिल्या होत्या आणि विसरूनही गेला होता. ट्रेडिंग फर्म? "ती माझी न्हय." यूपीआय घेतलेला पोरगा नोकरी सोडून गेलेला.

मग सुरू झाले सरकारी उंबरठे.

पोलीस ठाण्यात सबइन्स्पेक्टरने अर्धा अर्ज वाचला आणि म्हणाला, हे सिव्हिल मॅटर. मी म्हटलं, मीटर फिरवणं, दोष पुसणं, दुसऱ्याच्या खात्यात पैसे घेणं, हे फसवणूक नाही तर काय? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? तर मलाच उलट प्रश्न, "रोख कित्याक दिली?" आरोपी मी आहे की तो? एफआयआर नाहीच. अर्जाची पोचसुद्धा हुज्जत घालून मिळवली. ठाण्यात घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) खाली लेखी तक्रार पोस्टाने पोलीस अधीक्षकांना पाठवता येते, ती पाठवली. त्यांनी काय केलं? पुन्हा त्याच ठाण्याकडे "योग्य कारवाईसाठी" पाठवली. त्याच टेबलावर, त्याच माणसापुढे.

वाहतूक कार्यालयाची तऱ्हा त्याहून वाईट. केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये मोटार वाहन नियमांत बदल करून १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला नोंदणी प्राधिकाऱ्याचं अधिकृत प्रमाणपत्र सक्तीचं केलं. गाडी डीलरच्या ताब्यात गेली की फॉर्म २९सी मध्ये तशी सूचना द्यायची, आणि गाडी ताब्यात असेपर्यंत जबाबदार तोच. नेमका माझ्यासारख्यांसाठी केलेला नियम! मी खिडकीवर विचारलं, या माणसाकडे प्रमाणपत्र आहे का? कारकुनाने दुसऱ्या खिडकीकडे बोट दाखवलं. दुसऱ्याने साहेबांकडे. साहेब मीटिंगला. शेवटी माहिती अधिकार घातला, तर उत्तर, माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही. हायवेला एवढा मोठा बोर्ड लावून उघड्यावर गाड्या विकल्या जातात, हेल्मेट नसलेला पोरगा यांना लांबून दिसतो, आणि लॉट दिसत नाही? माझ्या बदलीच्या कागदांवर तर याच कार्यालयाने शिक्के मारले. गाडी वर्षभर कोणाच्या आवारात उभी होती हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही. नियम कागदावर करून गप्प बसायचं असेल तर लोकांनी कर कशाला भरायचा?

ग्राहक आयोगात तक्रार दाखल आहे. ५० लाखांपर्यंतची खरेदी जिल्हा आयोगात चालते, दोन वर्षांची मुदत असते, ऑनलाइनही दाखल करता येते, थांबू नका. कायदा म्हणतो, नोटीस पोचल्यापासून तीन महिन्यांत, तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल द्यायचा प्रयत्न व्हावा. इथे नोटीसच परत आली, "पत्त्यावर कोणी नाही". पत्त्यावर रोज सकाळी गाड्या धुतल्या जातात, मी स्वतः फोटो काढून दिले. पुढची तारीख. मग त्याचा वकील हजर, वकीलपत्र दाखल करायला वेळ हवा. पुढची तारीख. दर तारखेला दुकान बंद ठेवून मी जातो. आई विचारते, "काय झालं रे आज?" मी काय सांगू?

माझ्याकडे आज जे काही आहे ते स्कॅनरचा फोटो, वर्कशॉपचा शिक्का मारलेला रिपोर्ट आणि विकणाऱ्याच्या फोनवरून आलेले मेसेज. त्यात एक मेसेज त्यानेच पाठवलेला आहे, "बॅटरी एकदम ओके, मी जबाबदार". वकील म्हणतात केस त्यावरच उभी आहे. विकणारा तोंडी जे सांगतो ते त्याच्याकडून मेसेजवर लिहून घ्या आणि फोन बदलला तरी पुसू नका.

गेल्या आठवड्यात त्या बाजूने गेलो. लॉटवर आणखी एक हायब्रिड एसयूव्ही उभी आहे, पांढरी, काचेवर "सिंगल ओनर, बॅटरी वॉरंटी" चिकटवलेलं. पर्वरी ते म्हापसा पट्ट्यात अशी गाडी बघायला जाणार असाल तर आधी फोनवर चॅसिस नंबर मागा. "या तर खरे, मग देतो" म्हणाला तर जाऊच नका. आणि ज्यांनी त्या लॉटवरून आधीच घेतली असेल आणि आता दिवा लागला असेल, त्यांनी कोड पुसण्याआधी मला कळवा. एकापेक्षा जास्त तक्रारदार उभे राहिले तर ठाण्यातला तो अर्ज बाजूला सारणं त्यांना एवढं सोपं जाणार नाही.