स्लॅशर मागच्या चाकाचा घ्यावा की नुसत्या स्किडचा?

संत्र्याच्या बागेत पावसाळ्यात निंदणाला मजूर मिळत नाही आणि तणनाशक सारखं मारायचं नाही, म्हणून स्लॅशर, म्हणजे ट्रॅक्टरमागे जोडायचं फिरत्या पात्यांचं गवत कापणी यंत्र, घ्यायचा इथपर्यंत तुम्ही आलाच असाल. फूट किती, गिअरबॉक्स कोणता, किती एचपीला चालतो हे दुकानदार सांगतोच, ते सोडून देतो. खरा प्रश्न पुढे येतो: नुसत्या स्किडवर (खालच्या बाजूच्या, जमिनीवर घसरणाऱ्या लोखंडी पट्ट्यांवर) बसणारा घ्यायचा की मागे फिरतं चाक असलेला? मी दोन्ही चालवलेत. आमच्याकडे काटोल-वरूड भागातली काळी जमीन, तेव्हा मुरमाड रानवाल्यांचा अनुभव वेगळा असू शकतो हे आधीच सांगून ठेवतो.

स्किडवाल्याचं आधी चांगलं सांगतो. लांबीला कमी, त्यामुळे धुऱ्यावर (बांधाजवळ) पटकन वळतो, जुन्या बागेत खाली आलेल्या फांद्यांच्या मधून निघतो, भाग कमी म्हणून बिघाडही कमी आणि पैसेही कमी. वापसा (माती ना चिखल ना कोरडी) असेल, जमीन सपाट असेल तर स्किड जमिनीला टेकवून लिफ्टचा (मागचं अवजार उचलणाऱ्या हायड्रोलिकचा) लिव्हर पूर्ण खाली सोडायचा आणि चालायचं, कटिंग एकदम चांगलं येतं. पण गवत वाढतं कधी? नेमकं जमीन ओली असताना. काळ्या मातीत स्किड रुततात, पुढे मातीचा ढीग ओढतात, पाते माती खायला लागतात, मग आपण काय करतो तर लिव्हर थोडा वर घेऊन स्लॅशर हायड्रोलिकवर टांगून चालवतो.

आणि इथंच मला जे नको झालं ते सुरू होतं. ट्रॅक्टर थोडा जुना असला, लिफ्टचं सील किंवा व्हॉल्व्ह जरा घासलेलं असलं की वजन हळूहळू खाली येतं, पोझिशन कंट्रोलला (लिव्हर ठेवला त्या उंचीला अवजार धरून ठेवणाऱ्या यंत्रणेला) ते कळतं, तो परत वर उचलतो, परत खाली येतं, परत उचलतो. लिफ्टला उचकी लागल्यासारखं. सीटवर बसून फार कळत नाही, पण दुसऱ्या दिवशी बागेत पायी गेलं की दिसतं, गवत एका ठिकाणी दीड इंच, दोन पावलांवर चार इंच. त्यात प्रत्येक धुऱ्यावर स्लॅशर उचलायचा आणि परत त्याच जागी लिव्हर आणायचा, लिव्हरची अडवणारी ती छोटी चाकी हादऱ्याने सैल होऊन सरकलेली असते, म्हणजे दर ओळीला उंची वेगळी. ड्रायव्हर बदलला तर विचारूच नका. शिवाय टांगलेला स्लॅशर ट्रॅक्टरच्या मागच्या एक्सलपासून लांब असतो, म्हणून पुढचं चाक उंचवट्यावर चढलं की स्लॅशरचं शेपूट खाली जातं आणि बेडची (झाडांच्या गादीवाफ्याची) कड खरवडतं. ड्रिपची नळी तिथंच असते. पात्यांची हवा सैल नळी वर ओढते तो भाग वेगळाच.

मागच्या चाकाच्या स्लॅशरला शेपटाचं वजन चाकावर जातं, पुढची बाजू तेवढी ट्रॅक्टर धरतो. ती पण मी हायड्रोलिकच्या भरवशावर ठेवत नाही, टॉपलिंकच्या (अवजार धरणाऱ्या वरच्या मधल्या दांड्याच्या) ट्रॅक्टरवरच्या ब्रॅकेटपासून खालच्या दोन्ही लिंकना (बाजूच्या उचलणाऱ्या दांड्यांना) साखळ्या बांधून घेतल्या आणि लिफ्ट खाली सोडली की स्लॅशर साखळीवर थांबतो. (बाजूच्या चेकचेन त्या वेगळ्या, त्या डावी-उजवी हलणं थांबवतात.) धुऱ्यावर उचला, सोडा, उंची तीच. उचकी संपली.

सेटिंग एकदाच नीट करावं लागतं. सपाट जागा, इंजिन बंद, चावी खिशात, स्लॅशरखाली लाकडी ठोकळे. ट्रॅक्टरच्या मागच्या दोन्ही टायरची हवा सारखी. माप पत्र्यापासून घेऊ नका, पात्याच्या टोकापासून घ्या: पातं फिरवून पुढे आणा, मोजा, मागे न्या, मोजा. डावं-उजवं उजव्या लिफ्ट रॉडच्या हँडलनं बरोबर करायचं. मग चाकाची उंची अशी ठेवायची की मागची बाजू पुढच्यापेक्षा अर्धा ते एक इंच वर राहील. अशानं गवत पुढंच एकदा कापलं जातं आणि ट्रॅक्टरवर लोड कमी येतो. तरोटा किंवा गाजर गवत कमरेएवढं झालं असेल आणि बारीक करायचं असेल तर उलटं, मागची बाजू जरा खाली, पण मग डिझेल जास्त जातं आणि गिअर एक खाली घ्यावा लागतो. बागेत मी तीन-चार इंच उंची ठेवतो, त्याखाली खडे उडतात.

चाकाचा त्रास नाही असं नाही. काळी माती चाकाच्या फोर्कमध्ये (चाक धरणाऱ्या दुबेळक्यात) भरली की चाक फिरायचं थांबतं आणि घसरत जातं, खराट्याची काडी सोबत ठेवावी लागते. वळायला जागा जास्त लागते, धुरा अरुंद असेल तर रिव्हर्स घेऊनच वळावं लागतं. ग्रीस पण वेळेवर हवं.

बाकी पात्यांची धार, दोन्ही पात्यांचं वजन सारखं, पीटीओ (स्लॅशर फिरवणारा ट्रॅक्टरचा मागचा शाफ्ट) मिनिटाला 540 फेऱ्यांवर आणि गिअर लो, हे दोन्हीला सारखंच आहे. इंजिन कमी रेसवर ठेवून डिझेल वाचवायला गेलात तर कोणताही स्लॅशर गवत कापत नाही, झोपवून पुढे जातो.

तुमची बाग लहान, सपाट, मुरमाड, ट्रॅक्टर नवा आणि लिफ्ट घट्ट असेल तर स्किडवाला घ्या, जास्तीचे पैसे कशाला घालवता. काळी जमीन, गादीवाफे आणि जुना ट्रॅक्टर असेल तर मी तरी चाकवालाच म्हणेन. फक्त घेताना टॉपलिंक जोडायची जागा बघा. तिथं लांबट खाच किंवा हलणारा ब्रॅकेट पाहिजे आणि सेटिंग करताना पिन त्या खाचेच्या मध्ये बसली पाहिजे, म्हणजे खड्डा-उंचवटा आला की शेपूट मोकळं वर-खाली होतं. काही ठिकाणी साध्या स्लॅशरलाच मागे चाक वेल्डिंग करून देतात आणि टॉपलिंक घट्टच ठेवतात, तसला घेऊ नका, त्यात चाक अर्धा वेळ हवेतच असतं.