एफआयएची टायमिंग कागदपत्रं: तळाच्या संघातले दोन ड्रायव्हर तोलायला किती पुरतात?

तळाला रुतलेल्या संघातले दोन ड्रायव्हर तोलायचे तर गुणतक्ता आधी बाजूला ठेवावा. फॉर्म्युला वन मोटार शर्यतींतला २०१९ चा विल्यम्स संघ घ्या. जॉर्ज रसेल २१ पैकी २१ पात्रता फेऱ्यांत (शर्यतीतला सुरुवातीचा क्रम ठरवणाऱ्या) रॉबर्ट कुबित्साच्या पुढे होता, पण संघाचा हंगामातला एकमेव गुण कुबित्साच्या खात्यात गेला. जर्मनीतल्या होकेनहाइमच्या पावसात तो बारावा आला होता. अल्फा रोमिओ संघाच्या दोन्ही गाड्यांना क्लचच्या नियमभंगाबद्दल ३०-३० सेकंदांचा दंड झाला आणि कुबित्सा दहावा, म्हणजे गुण मिळणाऱ्या शेवटच्या जागी, ठरला, रसेल अकरावा.

अशा वेळी एफआयए ही मोटार शर्यतींची जागतिक संघटना फॉर्म्युला वनच्या प्रत्येक सत्रानंतर फुकट देते त्या टायमिंगच्या पीडीएफ कामाला येतात. वेळा सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत असतात. दिसायला रूक्ष, पण ज्याला खरंच तुलना करायची आहे त्याच्यासाठी याहून चांगला कच्चा माल नाही.

पात्रता फेरीसाठी हा संच उत्तम आहे. दोघांनी शेवटचं एकत्र खेळलेलं सत्रच धरायचं. एक क्यू१ (पात्रता फेरीचा पहिला टप्पा) मध्ये बाद आणि दुसरा क्यू२ (दुसरा टप्पा) मध्ये गेला, तर दोघांची क्यू१ ची वेळ घ्यायची. फरक सेकंदांत नको, टक्क्यांत काढा: ६५ सेकंदांच्या लॅपवर ०.३ सेकंद म्हणजे ०.४६ टक्के, १०५ सेकंदांच्या लॅपवर जेमतेम ०.२९. लॅप टाइम्सच्या कागदावर पहिल्या ओळीत घड्याळाची वेळ असते; पुढचे लॅप तीत मिळवत गेलं की कोण किती वाजता धावला ते कळतं. ट्रॅकवर रबर बसत जातं, म्हणून शेवटच्या मिनिटाला धावलेल्याला आयता फायदा असतो. मग स्पीड ट्रॅप, म्हणजे सरळ रस्त्यावर एका ठरावीक जागी मोजलेला वेग, बघा. एकाच संघाच्या दोन गाड्यांत तिथे ताशी ६-७ किमीचा फरक दिसला, तर एकाला पुढच्या गाडीचा आडोसा मिळालाय किंवा पंख वेगळे लावलेत. तो फरक ड्रायव्हरच्या नावावर मांडू नये.

शर्यतीचा हिशेब जास्त किचकट. लॅप अ‍ॅनालिसिसमधून पहिला लॅप, पिटमध्ये (टायर बदलण्याच्या जागी) येतानाचा आणि बाहेर पडतानाचा, सेफ्टी कारखालचे (अपघातानंतर सगळ्यांना हळू चालवणाऱ्या गाडीमागचे) लॅप काढून टाका. तळाच्या संघासाठी आणखी एक चाळणी लागते, निळ्या झेंड्यांची (मागून एक लॅप पुढे असलेली गाडी आली, तिला वाट द्या, ही खूण). हिस्टरी चार्टवर प्रत्येक लॅपला आघाडीवाल्यापासूनचं अंतर असतं. जिथे आघाडीचे मागून गाठतात, तिथे वेळेत अचानक एक-दोन सेकंदांचा फुगवटा दिसतो. तेही लॅप वगळा. उरलेल्यांची सरासरी काढू नका, मधली किंमत घ्या, कारण एक घसरलेला लॅप सरासरी बिघडवतो. स्वच्छ लॅप आठ-दहापेक्षा कमी उरले तर निकाल देऊच नये.

इंधनाचं भान ठेवा. ११० किलो इंधन ६० लॅपमध्ये संपतं असं धरलं तर लॅपमागे सुमारे १.८ किलो कमी होतं, आणि १० किलोमागे ढोबळ ०.३ सेकंद वाचतात. म्हणजे दहा लॅप उशिरा टायर बदलणारा, टायरचं वय सारखं असतानाही, निव्वळ हलक्या गाडीमुळे अर्धा सेकंद वेगवान दिसतो.

पिट स्टॉप समरीबद्दल वारंवार गैरसमज होतो. तिथला आकडा पूर्ण पिटलेनमधला असतो, गाडी उभी राहिल्याचा नव्हे. त्यावरून मेकॅनिकांना दोष देता येत नाही.

या टायमिंगच्या कागदांची खरी उणीव तळाच्या संघाच्या बाबतीतच बोचते. टायरचा प्रकार त्यांत नसतो, तो टायर पुरवणाऱ्या पिरेलीच्या तक्त्यांवरून जुळवावा लागतो. कोणाच्या गाडीवर नवा फ्लोअर (गाडीचा तळ) आणि कोणाच्या जुना, हे टायमिंगमध्ये कुठेच नाही. पैसेवाल्या संघात बहुतेकदा दोघांना एकाच वेळी नवे भाग मिळतात; सुटे भाग कमी पडणाऱ्या संघात कधी कधी एक संचच तयार असतो. २०१९ मध्ये विल्यम्सची गाडी बार्सिलोनाच्या चाचणीलाच काही दिवस उशिरा पोहोचली होती. रशियातल्या सोचीच्या शर्यतीत रसेल भिंतीवर आदळल्यावर संघाने कुबित्साची गाडी भाग वाचवण्यासाठी स्वतःहून मागे घेतली. लॅप अ‍ॅनालिसिसमध्ये कुबित्साच्या वेळा मध्येच थांबलेल्या दिसतात, अगदी इंजिन बिघडलेल्या गाडीच्या थांबाव्यात तशाच.