रिपोर्ट खरा, माल खोटा

पशुखाद्याचा कच्चा माल बाहेरून घेत असाल तर हे वाचाच. मला सोयाबीन पेंडीत फसवलं गेलं, तेही लॅबच्या अस्सल रिपोर्टवर.

गाडीसोबत रिपोर्ट होता. प्रथिनं 46 टक्के, ओलावा मर्यादेत, लॉट नंबर पोत्यांवरच्या चिठ्ठीशी जुळणारा. लॅबला फोन केला, तर "हो, आमचाच रिपोर्ट." आम्ही स्वतः प्रथिनं तपासली, तीही जुळली! खाद्य अंड्यांच्या कोंबड्यांसाठी गेलं आणि तक्रारी यायला लागल्या. अंडी घटली, होती ती बारीक.

गोम तपासणीच्या पद्धतीतच आहे. नेहमीच्या चाचणीत प्रथिनं मोजतच नाहीत. नायट्रोजन मोजून त्याला 6.25 ने गुणतात. युरियात नायट्रोजन 46 टक्के, म्हणजे या हिशेबाने तब्बल 287 टक्के 'प्रथिनं'. क्विंटलभर पेंडीत किलोभर युरिया गेला की आकडा अडीच टक्क्यांच्या आसपास चढतो. हलकी पेंड कागदावर भारी. गाई-म्हशींच्या पोटातले जंतू थोडाफार युरिया वापरतात, कोंबडीला त्याचा काडीचा उपयोग नाही. 2007 साली अमेरिकेत कुत्र्या-मांजरांच्या खाद्यात मेलामाइन हे नायट्रोजनने भरलेलं रसायन सापडलं, तिथेही चलाखी हीच होती. फक्त तिथे मुक्या जिवांची मूत्रपिंडं गेली.

राखून ठेवलेल्या नमुन्याची युरियासाठी वेगळी चाचणी केली तेव्हा छडा लागला. व्यापाऱ्याचं उत्तर तयार होतं: "नमुना तुम्ही काढलात, तुम्हीच मिसळलं नाही कशावरून?" वर रिपोर्टच्या तळाची बारीक ओळ दाखवली. निकाल फक्त मिळालेल्या नमुन्यापुरता. तो नमुना त्यानेच लॅबला पाठवलेला, चांगल्या पेंडीचा! तयार खाद्याच्या पोत्यावर नाव आमचं, त्यामुळे जबाबदारी आमची आणि बॅच परत मागवण्याचा भुर्दंडही आमच्याच बोकांडी.

आता गाडी उतरायच्या आधी ड्रायव्हरसमोर नमुना काढतो, तोही वरच्या चार पोत्यांतून नाही, तर थप्पीच्या मधून, तळातून. अफ्लाटॉक्सिनसाठी, म्हणजे बुरशीच्या विषासाठी, तर हे हवंच. एका पोत्यात ठासून असतं, शेजारचं कोरं. नमुन्याचे तीन भाग, सील, ड्रायव्हरची सही, एक भाग व्यापाऱ्याला परत.

शिवाय एक घरगुती चाचणी. मूठभर पेंड कोमट पाण्यात भिजवायची, चमचाभर कच्च्या सोयाबीनचं पीठ घालून झाकून ठेवायची. युरिया असेल तर त्या पिठातलं युरिएज हे एन्झाइम त्याचा अमोनिया करतं आणि झाकण काढताच वास नाकात झोंबतो. मेलामाइन मात्र यात सापडत नाही, त्याला लॅबच हवी.

नमुन्याची अट मी ऑर्डरमध्येच लिहितो. ती वाचून काही व्यापाऱ्यांनी मला भाव कळवणंच बंद केलंय.