रोबोटची किंमत दिली होती, बॅटरीची विचारावी लागली

युक्रेनच्या आघाडीवरील महिला वैद्यकीय सैनिकांना, जखमींना बाहेर काढणारे रोबोट घेऊन देण्यासाठी देणग्या गोळा करणाऱ्या एका ऑनलाइन सेवेला कोल्हापुरातील आमच्या राजारामपुरीच्या भिशीतील अकरा जणींनी अलीकडे पैसे दिले, त्या अनुभवाचा हा अभिप्राय आहे. सेवेचे नाव मुद्दाम देत नाही, कारण अशा मोहिमा बऱ्याच चालू आहेत आणि मला दिसलेल्या उणिवा एकट्या हिच्याच असतील असे वाटत नाही. मी तीस वर्षे सरकारी रुग्णालयात परिचारिका होते, त्यामुळे माझे लक्ष आधी रुग्णाकडे गेले, हिशेबाकडे नंतर.

मोहिमेच्या पानावर गणवेशातील हसऱ्या तरुणींची छायाचित्रे भरपूर आहेत, पण त्यांना रोबोट का लागतो हे दोनच ओळींत उरकले आहे. वास्तविक सांगण्यासारखे तेच होते. वैद्यकीय सेवकांवर हल्ला करू नये असे १९४९ चे जिनिव्हा करार सांगतात. तरीही कॅमेरा लावलेले स्फोटक ड्रोन आता आघाडीपासून कित्येक किलोमीटर आत येऊन गाड्या टिपतात, आणि रुग्णवाहिका जखमीपर्यंत पोहोचूच शकत नाही. हात किंवा पाय तुटलेल्या माणसाला बांधलेला टूर्निकेट, म्हणजे रक्तस्राव थांबवण्यासाठी आवळलेला पट्टा, साधारण दोन तासांच्या पुढे राहिला की तो अवयव गमावण्याचा धोका वाढत जातो, आणि तिथे तर माणूस अंधार पडण्याची वाट बघत दिवसभर पडून राहतो. चिलखती जाकीट आणि सामानासह त्याचे वजन शंभर किलोच्या घरात जाते, त्याला स्ट्रेचरवरून न्यायला चार जण लागतात, आणि ते चौघेही उघड्यावर येतात. रक्तस्राव थांबवणे आणि श्वासमार्ग मोकळा ठेवणे हे ज्या बाईचे कौशल्य, तिची ताकद ओझे वाहण्यात खर्च व्हावी हे मला कधीच पटले नसते. अर्थात पुरुषाच्या बाबतीतही ते तितकेच चुकीचे आहे. युक्रेनच्या सैन्यात आज सुमारे ७०,००० स्त्रिया आहेत, आणि धोका सर्वांना सारखाच आहे. ‘तैरा’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या युलिया पायेव्स्का या वैद्यकीय स्वयंसेविकेला मार्च २०२२ मध्ये मारिउपोलजवळ पकडण्यात आले आणि तीन महिने कैदेत ठेवण्यात आले होते.

यंत्राची माहिती मात्र सेवेने चोख दिली आहे. माझा पुतण्या इथल्या ‘शिवाजी उद्यमनगर’ या कारखान्यांच्या वसाहतीत गिअर कापण्याचे काम करतो. त्याला मी ते पान वाचायला बसवले. सुमारे तीनशे किलो वाहणारी, पट्ट्यांवर चालणारी ‘टर्मिट’ नावाची युक्रेनी बनावटीची गाडी त्याला पसंत पडली. एस्टोनियाची ‘थेमिस’ तिच्याहून कितीतरी मोठी, बाराशे किलोपर्यंत ओझे नेणारी. जर्मनीच्या पैशातून २०२२ मध्ये युक्रेनसाठी अशा चौदा गाड्या मागवल्या गेल्या, त्यांतील सात जखमींच्या वाहतुकीसाठी होत्या. यांना रोबोट म्हणतात खरे, पण बहुतेक वेळा दूर बसलेला माणूसच पडद्यावर बघून त्या हाकतो. पाऊण तास वाचून झाल्यावर पुतण्या म्हणाला, “काकू, मशीन झ्याक हाय, पन पट्टा तुटला तर दुसरा कुठनं येनार? बॅटरी किती? आन् सिग्नल जाम झाला तर गाडी तिथंच बसनार की!” या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पानावर नव्हती.

माझी मुख्य तक्रार हीच आहे. रोबोटची किंमत ठळक अक्षरांत आहे, तो चालू ठेवण्याचा खर्च कुठेच नाही. २०१९ च्या महापुरात पंचगंगा ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून कितीतरी वर गेली, तेव्हा आमच्या भागात मदत म्हणून आलेली एक बोट इंजिनाला तेल नाही म्हणून दीड दिवस दोरीने बांधून ठेवलेली मी पाहिली आहे. देणाऱ्याला बोट दिल्याचे समाधान मिळते, तेलाचा डबा देण्याची कोणाला हौस नसते, आणि निधी गोळा करणारेही हे ओळखून बोटीचेच चित्र लावतात.

पैसे पाठवण्याची बाजू इथल्या वाचकांच्या उपयोगाची आहे. परदेशी दानावर आयकरातील देणगीची सवलत मिळत नाही. एफसीआरए हा परदेशी देणग्यांचा कायदा बाहेरून भारतात येणाऱ्या देणग्यांसाठी आहे. आपण बाहेर पाठवतो ते फेमा या परकीय चलनाच्या कायद्याखालच्या एलआरएस योजनेत, म्हणजे व्यक्तीला परदेशी पैसे पाठवू देणाऱ्या योजनेत बसते, जिची मर्यादा वर्षाला अडीच लाख डॉलर, म्हणजे आमच्या भिशीला पुरून उरणारी. ही मुभा व्यक्तीला आहे, मंडळाला नाही, हे कळल्यावर एकत्र रक्कम पाठवण्याचा बेत आम्ही सोडला. मी आधी बँकेतून पाठवायला गेले. परदेशी पैसे पाठवताना भरायचा ए२ फॉर्म कशाचा हेच तिथल्या कर्मचाऱ्याला माहीत नव्हते, दोन फेऱ्या झाल्या, आणि तीन हजार रुपये पाठवायला लागणारे शुल्क ऐकून मी घरी परतले. शेवटी प्रत्येकीने आपापल्या कार्डाने पैसे भरले. २०२० पासून नवी कार्डे परदेशी व्यवहारांसाठी बंदच येतात, ती सुविधा आधी चालू करून घ्यावी लागते. हे ठाऊक नसल्याने आमच्यातील चौघींचे पैसे पहिल्या दिवशी गेलेच नाहीत. यात सेवेचा दोष नाही.

पावती दोन मिनिटांत आली. पैसे पुढे कोठे गेले, याबाबत मात्र मी समाधानी नाही. युक्रेन सरकारने मे २०२२ मध्ये सुरू केलेल्या ‘युनायटेड२४’ मध्ये देणगी थेट तिथल्या राष्ट्रीय बँकेच्या खात्यात जमा होते आणि मग मंत्रालयांकडे जाते, एवढे तरी सरळ कळते. आमच्या सेवेने “निधी पूर्ण झाल्यावर यंत्र तुकडीकडे सोपवले जाईल” असे एकच वाक्य लिहिले होते.

म्हणून आम्ही पत्र लिहिले. पुतण्याचे तिन्ही प्रश्न जसेच्या तसे विचारले आणि एक माझा जोडला: जखमीला गाडीत निजवल्यावर वाटेत त्याच्याकडे कोण बघते? नऊ दिवसांनी सविस्तर उत्तर आले. प्रत्येक गाडीमागे राखीव बॅटऱ्यांचा संच लागतो आणि त्याचा निधी नेहमीच अपुरा पडतो, हे त्यांनी मोकळेपणाने मान्य केले. चौथ्या प्रश्नाचे उत्तर होते, “कोणी नाही, म्हणूनच निजवण्यापूर्वी आमची वैद्यकीय सैनिक सगळे बांधून, तपासून, वेळ लिहून ठेवते.” तीस वर्षांत शेकडो रुग्ण स्ट्रेचरवरून पुढे धाडलेल्या मला त्या वाक्याचा अर्थ समजावून सांगावा लागला नाही.

पानावर आता बॅटऱ्यांसाठी वेगळा रकाना आला आहे. पुढच्या भिशीनंतर आम्ही त्यातच पैसे भरणार आहोत.