जुना अमेरिकन अॅटलस : छपाई झकास, सियाचीनला मात्र गंडलाय

जुन्या पुस्तकांच्या दुकानातून ८० च्या दशकातला जाडजूड अमेरिकन अॅटलस घेतला, कागद, रंग, बाइंडिंग सगळं एक नंबर, डोंगर तर हात फिरवावा असे छापलेत. पण काश्मीरचं पान उघडलं आणि डोकंच फिरलं. भारत-पाकिस्तानने १९४९ ला युद्धबंदी रेषा ठरवली ती एनजे ९८४२ या पॉइंटपर्यंतच, पुढे करारात नुसतं 'तिथून उत्तरेला हिमनद्यांपर्यंत' एवढंच लिहिलंय, आणि या पठ्ठ्यांनी तिथून पट्टी ठेवून सरळ ईशान्येला काराकोरम खिंडीपर्यंत रेघ ओढलीये, म्हणजे अख्खं सियाचीन पाकिस्तानात! कुठल्या करारात आहे ही रेघ? कुठल्याच नाही. १९८४ ला आपलं सैन्य सियाचीनवर गेलं, त्याआधीपासून अमेरिकन नकाशांत ही रेघ होतीच. पानावर सीमा अचूक नसल्याचा आपला सरकारी शिक्का आहे, तोही तिरका. खरं सांगायचं तर आपल्या सरकारी नकाशात तरी एलओसी (भारत-पाकमधली नियंत्रण रेषा) कुठे दिसते, प्रत्यक्षात ताबा कुणाचा ते त्यावरून कळतच नाही. ५ पैकी ३ स्टार, बाकी जगासाठी बिनधास्त घ्या, काश्मीरसाठी दोन-तीन नकाशे शेजारी ठेवूनच बघा.