हाफ इंजिन की फुल? मारुती ८०० चं काम काढण्याआधी

गाडी निळा धूर मारते, ऑइल खाते, आणि मेकॅनिक विचारतो, "हाफ करू की फुल?" हाफ म्हणजे इंजिन गाडीतच ठेवून वरून हेड, खालून ऑइलचं चेंबर काढायचं आणि पिस्टन वरून बाहेर घ्यायचे. फुल म्हणजे इंजिन उतरवून क्रँकसकट (पिस्टन ज्याला फिरवतात तो खालचा दांडा) सगळं खोलायचं.

उत्तर देण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब, मोजून घ्या. एखाद्या सिलिंडरचं कमी भरलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा गेल्यात. चढला नाही तर बहुधा वॉल्व्ह किंवा हेड गॅसकेट गळतंय; मग नुसत्या हेडच्या कामावर भागतं.

रिंगाच गेल्या असतील आणि तळातून आवाज नसेल, तर मी हाफच सुचवेन. गिअरबॉक्स, वायरिंग जागेवर राहतं, मजुरी बरीच वाचते. रिंगा, बिग-एंड बेअरिंग (पिस्टनचा दांडा क्रँकला जोडतो तिथली), होनिंग (सिलिंडरची आतली भिंत घासून किंचित खरखरीत करणं), सगळं गाडीतच होतं. भीती एकच, होनिंगच्या भुकटीची. ती क्रँकच्या ऑइलच्या भोकांत गेली की नवी बेअरिंगंही खाते. उतरवलेला ब्लॉक साबणपाण्याने खळखळून धुता येतो, गाडीतला नाही. म्हणून होन फिरवण्याआधी क्रँक फडक्यांनी नीट झाकलाय का, हे स्वतः उभं राहून पाहा. नंतर ऑइल लावलेल्या पांढऱ्या फडक्याने बोअर, म्हणजे सिलिंडरची आतली पोकळी, पुसायचा, फडकं काळं यायचं थांबेपर्यंत. बोअरच्या वरच्या टोकाला न झिजलेला काठ उरतो, तोही आधी कापून घ्यायला हवा. नाहीतर नवी वरची रिंग त्यावर आपटून तुटते.

बोअर मारणं (सिलिंडर आतून कापून मोठा करणं) आणि क्रँक ग्राइंडिंग (क्रँक मशिनवर घासणं) मात्र गाडीत होत नाही. गरम इंजिनावर, स्लोला ऑइलचा दिवा लुकलुकतोय, खालून ठकठक येतेय, बोअरमध्ये नखाला लागतील असे उभे ओरखडे आहेत, यातलं काहीही असेल तर उतरवाच. मूळ बोअर ६८.५ मिमीचा, तो वाढवून ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइझ पिस्टन बसतात. गिअरबॉक्स सुटलेलाच असतो, तेव्हा क्लचप्लेट आणि मागचं ऑइल सीलही बदलून घ्या.

ट्रॅक्टरवाल्यांचं यापेक्षा सोपं. वेट लायनर (ब्लॉकमध्ये वेगळी बसवलेली, बाहेरून पाणी खेळणारी सिलिंडरची नळी) असेल तर जुना उपसून नवा संच जागेवरच बसतो.

हाफ ठरलं तरी ओरखडे हेड निघाल्यावरच दिसतात. मेकॅनिकला आधीच सांगून ठेवा: "हेड काढलं की फोन कर, मी बोअर बघेपर्यंत सामान आणू नकोस."